कच्ची पाकळी की लसणाची कॅप्सूल?

लसूण ‘तो’ की ‘ती’ यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पण सकाळी खायचा कसा, हे मी दोन्ही बाजूंनी पाहून आलोय. दोन महिने कच्ची पाकळी, पुढचे दोन महिने तेलाची पिवळसर जेल कॅप्सूल.

‘बी’ जीवनसत्त्वांसाठी म्हणून यात पडणार असाल, तर जरा थांबा. १०० ग्रॅम लसणात बी-६ साधारण १.२ मिलिग्रॅम असतं, पण पाकळी जेमतेम तीन-चार ग्रॅमची. रोजची गरज दीड-दोन मिलिग्रॅमची, म्हणजे गड्डेच्या गड्डे संपवावे लागतील. आणि ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळणारी, तेलाच्या कॅप्सूलमध्ये ती कुठून यायची? गंमत आहे ती बी-१ची. त्याचा लसणातल्या गंधकयुक्त अ‍ॅलिसिनशी संयोग होऊन जे अ‍ॅलिथायमिन बनतं, ते साध्या बी-१पेक्षा चांगलं शोषलं जातं, हे १९५०च्या दशकात जपानी संशोधकांना दिसलं.

अ‍ॅलिसिन मात्र अख्ख्या पाकळीत नसतंच. ती ठेचली की आतलं संयुग अ‍ॅलिन आणि अ‍ॅलिनेज हे विकर (एन्झाइम) एकमेकांना भेटतात, तेव्हा ते तयार होतं. पाकळी गोळीसारखी पाण्याबरोबर गिळली, तर पोटातल्या आम्लात विकर निकामी होतं. मी खलबत्त्यात दोन घाव घालतो, चहा उकळेपर्यंत तशीच ठेवतो आणि रात्रीच्या पोळीच्या तुकड्यात तूप लावून खातो. जीभ चुरचुरते, डोळ्यांत पाणी येतं, नखांना दुपारपर्यंत वास. उपाशीपोटी खाल्ली तेव्हा जळजळलंही.

कॅप्सूलमध्ये यातलं काही नाही. सोलणं नाही, ठेचणं नाही. पण ही तेलं बरेचदा वाफेवर काढलेली असतात, त्यात अ‍ॅलिसिन उरत नाही, दुसरी गंधकयुक्त संयुगं असतात. तीही कामाची असतील, नाही म्हणत नाही. माझं बिनसलं ते ढेकरांवरून. आठला घेतलेली कॅप्सूल बरोबर अकराला, मीटिंग ऐन रंगात असताना, परत यायची. तोंड बंद, डोळे खाली, आणि शेजारचा खुर्ची मागे सरकवतोय. पाकळीचा वास निदान घरातच जाहीर होतो, आपण सावध असतो. हा गनिमी कावा मला झेपला नाही.

रक्तदाबाचं म्हणाल, तर ज्यांचा वाढलेला असतो त्यांच्यात थोडी घट काही अभ्यासांत दिसली आहे. माझाही जरा उतरला, पण त्याच सुमारास संध्याकाळचं चालणं सुरू झालं होतं, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर दोन्हींबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

तुमचं पोट नाजूक असेल, तर कॅप्सूल बरी पडेलही. माझी उरलेली अर्धी बाटली प्रवासाच्या बॅगेत आहे. खलबत्ता काही रेल्वेत नेता येत नाही.