हीटर तापला म्हणजे काम बरोबर झालं असं नाही

सिएटलच्या आसपासच्या जुन्या घरांत बेसबोर्ड हीटर, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेले विजेचे लांबट हीटर, सर्रास दिसतात. आमच्याकडेही तेच आहेत. आई-बाबा हिवाळ्यात पुण्याहून येणार, म्हणून त्यांच्या खोलीत २००० वॅटचे दोन नवे हीटर आणि ते चालू-बंद करणारा, भिंतीवरचा थर्मोस्टॅट बसवून घेतला. ओळखीतून आलेला माणूस गोड बोलायचा. "लायसन्स आहे, परमिट (कामाची सरकारी परवानगी) मीच काढतो," म्हणाला. बिलात परमिटची फी वेगळी लावली होती, शिवाय १२ गेजची केबल आणि डबल-पोल, म्हणजे दोन्ही तारा तोडणारा थर्मोस्टॅट असंही लिहिलं होतं. हीटर तापले, पैसे घेऊन तो गेला.

पुढे थर्मोस्टॅटपाशी जळकट वास येऊ लागला. फोनवर उत्तर मिळालं, "नवीन हीटर आहे, धूळ जळते." पहिल्यांदा लावल्यावर तसा वास येतोही, म्हणून ही थाप पचते. पण वास भिंतीतून येत होता.

दुसऱ्या, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने पॅनेलमधला ब्रेकर बंद करून थर्मोस्टॅट काढला. आतली नवी केबल पांढऱ्या आवरणाची, म्हणजे १४ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). १२ गेजची पिवळी असते. २४० व्होल्टवर ४००० वॅट म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर, आणि या वायरची मर्यादा १५. वर ब्रेकर २० चा, त्यामुळे तो पडणारच नाही, वायर मात्र तापत राहणार. सांध्याजवळचं इन्सुलेशन तपकिरी झालं होतं. खरं तर १२ गेज असती तरी सतत चालणाऱ्या हीटरसाठी २० अँपिअरच्या सर्किटवर ३८४० वॅटच धरतात. म्हणजे मुळातला हिशोबच खोटा.

थर्मोस्टॅटही सिंगल-पोल निघाला. २४० व्होल्टच्या दोन्ही तारा जिवंत असतात आणि हा त्यातली एकच तोडतो. हीटर गार पडतो, पण आतली दुसरी तार जिवंतच राहते. बाबांना काही बिघडलं की स्वतः उघडून बघायची सवय आहे. त्या विचाराने आजही माझा संताप होतो.

मग वॉशिंग्टन राज्याच्या लेबर अँड इंडस्ट्रीज खात्याच्या वेबसाइटवर शोधलं. त्या माणसाचं लायसन्स नाही, आमच्या पत्त्यावर परमिटही नाही. फी मात्र घेतली होती! आता तो फोन उचलत नाही. मी खात्याकडे तक्रार केली आहे.

वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्यांनो, इलेक्ट्रिशियनचं लायसन्स या वेबसाइटवर फुकट तपासता येतं. परमिटचा नंबर काम सुरू होण्याआधी मागा आणि शेवटचा हप्ता इन्स्पेक्टर पास करेपर्यंत हातात ठेवा. केबलच्या आवरणाचा रंग भिंत बंद होण्यापूर्वी स्वतः बघा, फोटो काढा. आणि अशा कोणाकडून काम आधीच करून घेतलं असेल, तर थर्मोस्टॅट शून्यावर आणून थांबू नका. पॅनेलमधला त्या हीटरचा ब्रेकर बंद करा आणि तपासणी होईपर्यंत बंदच ठेवा.