एकच रॉड, तीन सिंकिंग सेटअप: स्ट्रीमरसाठी काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

फ्लाय फिशिंगमध्ये स्ट्रीमरसाठी, म्हणजे गळावर बांधलेल्या, लहान माशासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम आमिषासाठी (फ्लायसाठी), सिंकिंग म्हणजे बुडणारी लाइन घ्यायची ठरली की पहिला प्रश्न असतो, ‘ही किती वेगाने बुडते?’ खोक्यावरही तोच आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो: टाइप 3 म्हणजे सेकंदाला साधारण 3 इंच, टाइप 6 म्हणजे 6 इंच किंवा थोडं जास्त. काही महिने तीन सेटअप आलटूनपालटून वापरल्यावर माझ्या लेखी हा आकडा चौथ्या क्रमांकावर गेला आहे. लाइनचं वजन रॉडला झेपतंय का, बुडणारा भाग किती लांब आहे आणि पुढे लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला दोरा, केवढा लावलाय, हे तीन प्रश्न त्याच्या आधी येतात.

रॉड 9 फुटी, 7 वजनाचा (म्हणजे 7 नंबरच्या लाइनसाठीचा), फास्ट ॲक्शनचा (ताठ, मुख्यतः टोकाशी वाकणारा). त्यावर पहिला सेटअप म्हणजे नेहमीच्या फ्लोटिंग लाइनच्या टोकाला लूपने जोडलेला 10 फुटी सिंकिंग लीडर. दुसरा, 15 फुटांची टाइप 3 सिंक टिप, म्हणजे लाइनचं बुडणारं टोक, आणि मागे फ्लोटिंग लाइन. तिसरा, 24 फुटांचं, 250 ग्रेनचं (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) झपाट्याने बुडणारं हेड, म्हणजे लाइनचा पुढचा जड भाग, आणि मागे इंटरमीडिएट, म्हणजे हळू बुडणारी, बारीक रनिंग लाइन. बहुतेक वापर वाहत्या पाण्यात झाला, थोडा तलावावर.

आधी मुळातला प्रश्न. फ्लायलाच वजन बांधलं तर ती बुडतेच, मग वेगळी लाइन कशाला? वजनदार फ्लाय फ्लोटिंग लाइनवर खाली जाते हे खरं, पण लाइन पृष्ठभागावर असल्यामुळे प्रत्येक स्ट्रिपला (हाताने लाइन आत ओढली की) फ्लाय वर ओढली जाते आणि थांबलं की पुन्हा नाकावर पडते. ही वरखाली चाल कधीकधी हवीच असते. बॉब क्लाउझर यांनी 1980च्या दशकात अमेरिकेतल्या सस्क्वेहॅना नदीतल्या स्मॉलमाउथ बास माशांसाठी बांधलेला क्लाउझर मिनो (एक स्ट्रीमर) डंबेलच्या आकाराच्या जड डोळ्यांच्या जोरावर असाच नाचतो. पण पाणी थंड असलं किंवा चढलेलं असलं की मोठा मासा तळ सोडून चार फूट वर यायला तयार नसतो. फ्लाय त्याच्या पातळीवर आडवी सरकायला हवी. सिंकिंग लाइन स्वतःच खाली असते, म्हणून स्ट्रिप केल्यावर फ्लाय लाइनच्याच वाटेने येते आणि बराच वेळ त्याच खोलीत राहते. लाइनचे पैसे मोजायचे ते या टिकून राहण्यासाठी. नुसतं खाली पोचायचं असेल तर शिशाचे चार वेढेही पुरतात.

आता त्या ठळक आकड्याचं काय होतं ते बघा. सेकंदाला 6 इंच म्हणजे 10 सेकंदांत 5 फूट. तलावावर हा हिशेब चांगला जुळतो. टाकायचं, मनात आकडे मोजायचे, वेगवेगळ्या आकड्यांवर स्ट्रिप सुरू करायची आणि जिथे माशाची टोच लागली तो आकडा धरून ठेवायचा. नदीत मात्र धार सेकंदाला 3 फुटांची असेल तर त्याच 10 सेकंदांत लाइन 30 फूट खाली वाहून जाते. तोपर्यंत ती ताणली जाते, फ्लाय काठाकडे झोकात वळू लागते आणि ताण आला की बुडणं संपून उचलणं सुरू होतं. म्हणून टाइप 6 लावूनही कमरेएवढ्या पाण्यातच फिरत राहणं सहज शक्य आहे. खोली मिळते ती कोनातून. जरा वरच्या अंगाला टाका, लाइन बुडायच्या आत एक मोठा मेंड (लाइन उचलून धारेच्या वरच्या बाजूला मांडणं) देऊन ढील द्या, मग रॉडचं टोक पाण्याला टेकवून वाट पाहा. हे सगळं टाइप 3 वर नीट केलं की टाइप 6 च्या आळशी आडव्या कास्टपेक्षा फ्लाय खोल जाते.

मेंडच्या बाबतीत तिन्ही सेटअपमधला फरक चांगलाच जाणवतो. मागची लाइन फ्लोटिंग असली तर ती उचलून पुन्हा पुन्हा मांडता येते. इंटरमीडिएट रनिंग लाइन एकदा पाण्याखाली गेली की विषय संपला, जे काही करायचं ते पहिल्या दोन सेकंदांत. उलट तलावावर आणि बोटीतून तीच लाइन उजवी ठरते, कारण रॉडच्या टोकापासून फ्लायपर्यंत जवळपास सरळ रेषा राहते आणि हलकी टोचही बोटाला कळते. फ्लोटिंग लाइनला टिप जोडलेली असली की मध्ये एक कोन तयार होतो आणि टोच त्या कोनातून वळण घेत येते.

वजनाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दुकानात याची चर्चा कमी होते. लाइनचे नंबर पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतात. 5 नंबरला 140 ग्रेन, 6 ला 160, 7 ला 185, 8 ला 210. म्हणजे 7 च्या रॉडवर 250 ग्रेनचं हेड हे कागदावर 9 नंबरच्या 240 ग्रेनच्याही वर जातं. तरीही ते चालतं, कारण हेड हवेत घेऊन एकसारखे फॉल्स कास्ट (लाइन पाण्यावर न टेकवता मागेपुढे झुलवणं) मारायचे नसतात. एकदा मागे, एकदा पुढे, आणि सोडून द्यायचं. फास्ट रॉड हे सहन करतो, पण मऊ, पार मुठीपर्यंत वाकणारा रॉड केविलवाणा होतो. अशा रॉडसाठी 200 ग्रेनचं हेड घ्यावं, खोलीत फारसं नुकसान होत नाही.

कास्टिंगची सवय मात्र बदलावी लागते. बुडलेली लाइन एकदम उपसायला गेलात तर रॉड मोडायची तयारी ठेवा. आधी हेड रॉडच्या टोकाजवळ येईपर्यंत स्ट्रिप करायचं, रोल कास्टने (लाइन मागे न उडवता पुढेच उलगडत टाकून) ते पाण्यावर आणायचं आणि बुडायच्या आत मागे उचलायचं. मागचा झोका बाजूने आणि पुढचा डोक्यावरून असा लंबगोल फिरवला तर लूप, म्हणजे हवेतला लाइनचा वळसा, मोकळा राहतो. आवळ लूप आणि जड डोळ्यांची फ्लाय हे भांडण कार्बनच्या रॉडला महागात पडतं. वाऱ्यात मात्र सिंकिंग लाइन फार गुणी आहे. फ्लोटिंग लाइनच्या आवरणात हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतात म्हणून ती जाड होते, तर हिच्या आवरणात टंगस्टनची पूड असते म्हणून तेवढ्याच वजनाला ती बारीक राहते. बारीक लाइन वारा कापते आणि धारही.

सिंकिंग लीडर हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पाकिटात दोन-तीन वेगाचे ठेवले की एकाच लाइनवर दिवस निघतो. माझी तक्रार आहे ती जोडाबद्दल. जोडाचा लूप रॉडवरच्या गाइडमधून (कड्यांतून) जाताना खटखटतो, आणि मोठी फ्लाय असेल तर कास्ट त्याच ठिकाणी मोडल्यासारखा होतो. चार बोटांएवढ्या स्ट्रीमरला हा सेटअप पुरा पडत नाही. वूली बगरसारख्या मध्यम फ्लायला झकास. मी वापरलेल्या एका लीडरचा पुढचा कारखान्यातला लूप थोड्याच वापरात चिरला. तो कापून नेल नॉट (दोरा जोडायची एक गाठ) मारली आणि तेव्हापासून त्रास नाही.

लीडरच्या लांबीवर मी कितीही बोलू शकतो. फ्लोटिंग लाइनची सवय असलेला माणूस सिंकिंग लाइनलाही 9 फुटी निमुळता लीडर लावतो. लाइन तळाशी जाते आणि बिनवजनाची फ्लाय तिच्यावर काही फूट तरंगत राहते. मग लाइन बुडवण्यात अर्थ काय? मी 3 ते 4 फूट लावतो, निमुळता नाही, सरळ 12 ते 15 पाउंड ताण झेलणारा एकच तुकडा. मोठ्या स्ट्रीमरमागे लागलेला मासा दोरा बघत बसत नाही. फ्लोरोकार्बन नायलॉनपेक्षा घन असतो हे खरं, पण एवढ्या आखूड तुकड्यात त्याने खोलीला फरक पडत नाही. मी तो घेतो तो दगडांवर घासून कमी खराब होतो म्हणून.

आणि याच आखूड लीडरवर या सगळ्या महिन्यांतला सर्वात आवडलेला जोड जमला: खाली जाणारी लाइन आणि तरंगू पाहणारी फ्लाय. हरणाच्या केसांचं डोकं असलेला मडलर मिनो, जो डॉन गॅपेन यांनी 1937 मध्ये कॅनडात निपिगॉन नदीवर बांधला, तो टाइप 3 टिपवर लावून बघा. स्ट्रिप केलं की लाइन त्याला खाली खेचते, थांबलं की तो हळूच वर उठतो. जखमी माशासारखी ही चाल वजनाच्या फ्लायला जमत नाही, कारण ती थांबली की पडतेच. शिवाय लाइन दगडांत घासत असली तरी गळ वर राहतो, त्यामुळे फ्लाय कमी तुटतात. टोच बहुतेक थांबण्याच्या क्षणीच लागते, तेव्हा घाईघाईत स्ट्रिप करू नका.

गळ बसवताना रॉड वर उचलायची सवय इथे घात करते. पाण्याखालच्या लाइनला पोट आलेलं असतं, त्यामुळे रॉड उचलला की फक्त ते पोट हलतं आणि फ्लाय माशाच्या तोंडातून निसटते. रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून हाताने लाइनच जोरात ओढायची. हे पोट कमी व्हावं म्हणून काही लाइन ‘डेन्सिटी कॉम्पेन्सेटेड’ असतात. साध्या सिंकिंग लाइनचा जाड मधला भाग निमुळत्या टोकाच्या आधी बुडतो. यांच्यात टोक अधिक घन ठेवून सगळी लांबी सारखी खाली नेतात. तलावावर वापरणार असाल तर हे शब्द खोक्यावर शोधाच. 15 फुटी टिपमध्ये त्याची एवढी मातब्बरी नाही.

कटकटीही आहेत. बारीक रनिंग लाइन थंडीत वेटोळी होते आणि पायाखाली गुंता करते. सुरुवातीला ती हातभर-हातभर ताणून घेतली तर बरंच निभावतं, आणि कमरेला स्ट्रिपिंग बास्केट (ओढलेली लाइन ठेवायची टोपली) असेल तर आणखी सोपं. हेड आणि रनिंग लाइन वेगळ्या रंगांची असावी, नाहीतर रोल कास्ट कधी करायचा ते बोटांनी चाचपावं लागतं. माझं 250 ग्रेनचं हेड गडद तपकिरी आणि मागची लाइन गडद हिरवी, संध्याकाळी दोन्ही सारखीच काळी! शेवटी जोडावर मार्करने पांढरा पट्टा ओढला. डास पळवणारं डीट असलेलं औषध हाताला लावून लाइन धरू नका, पीव्हीसीचं आवरण त्याने खराब होतं. कोमट पाणी आणि सौम्य साबण एवढीच तिची निगा.

गुडघा ते छातीएवढ्या पाण्याच्या नदीसाठी एकच घ्यायची असेल तर 15 फुटी टाइप 3 टिप घ्या. बहुतेक वेळ माझ्या रीलवर तीच असते. फक्त तलावाचंच काम असेल तर टिप न घेता पूर्ण इंटरमीडिएट लाइन बघा. 250 ग्रेनचं हेड मी पाणी चढलेलं असताना आणि बोटीतूनच काढतो. ते वेगळ्या स्पूलवर ठेवलंय. दुसरा स्पूल भरताना एक ध्यानात असू द्या: सिंकिंग लाइन बारीक असल्यामुळे फ्लोटिंग लाइनच्या मापाने बॅकिंग (लाइनच्या मागे स्पूलवर गुंडाळायचा दोरा) भरलं तर स्पूल अर्धवट राहतो आणि लाइन आणखी घट्ट वेटोळी होते. तिला थोडं जास्त बॅकिंग लागतं.