कुत्रं चावल्यावर सरकारी दवाखाना: नळ, फुगवटा आणि सीरम

2021 साली गोवा रेबीजमुक्त झाल्याची घोषणा झाली आणि लोकांनी तिचा सोयीचा अर्थ लावला: आता कुत्रं चावलं तरी इंजेक्शन कशाला? घोषणेचा आधार एवढाच होता की, आधीच्या तीन वर्षांत माणसांत रेबीजचा रुग्ण आढळला नव्हता. 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेची माणसं गावोगाव आणि किनाऱ्यांवर जाळी घेऊन फिरतात, कुत्र्यांना लस टोचतात, त्याचं ते फळ. पण महाराष्ट्राच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका कुत्र्याला ठाऊक नसतो. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलमागे धावणारं असो की किनाऱ्यावरच्या शॅकखाली झोपणारं, दात लागून रक्त आलं की लस घ्यायचीच. ती सरकारी केंद्रात मोफत मिळते आणि एकंदरीत चांगली मिळते. जिथे घसरते, तिथे मात्र नेमकी महत्त्वाच्या जागी.

पहिली जागा नळ. चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. या विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीयुक्त असतं, साबणाने ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. शरीराची प्रतिकारशक्ती जागी होण्याआधी मिळणारी ही सर्वांत स्वस्त मदत. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. चांगल्या केंद्रात पहिला प्रश्न येतो, "धुतलंत का? किती वेळ?" वाईट केंद्रात आधी केसपेपर काढायला सांगतात, आणि रुग्ण रुमाल गुंडाळलेला पाय घेऊन रांगेत उभा राहतो.

मग लस. सरकारी पद्धत त्वचेत टोचण्याची आहे: 0 (म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस), 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दर वेळी दोन्ही दंडांवर प्रत्येकी 0.1 मिलि. खासगीत बहुधा स्नायूत देतात, पूर्ण कुपी, 14 वा दिवस धरून पाच वेळा. "सरकारात थोडीच लस देतात" ही तक्रार इथूनच निघते, आणि ती चुकीची आहे. त्वचेच्या त्या पातळ थरात पहारेकरी पेशींची दाटी असते. त्या लशीतला मेलेला विषाणू उचलतात आणि काखेतल्या लसिका ग्रंथींत नेऊन दाखवतात. तिथे त्याला ओळखणाऱ्या बी पेशी टी पेशींच्या मदतीने वाढतात आणि प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला पकडणारी प्रथिनं, तयार करू लागतात. पहारा दाट असल्याने थोडक्या लशीत काम भागतं.

अट एकच, सुई त्वचेतच राहायला हवी. टोचल्याबरोबर मसुराच्या दाण्याएवढा फुगवटा उठतो आणि त्यावरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. तो उठला नाही तर लस खाली गेली, डोस पुन्हा शेजारी द्यायला हवा. आपल्या दंडाकडे बघा आणि न लाजता सांगा. नर्स अनुभवी असेल तर ती स्वतःच मान हलवते आणि दुसरी सुई घेते. कुल्ल्यावर ही लस कुठल्याच पद्धतीत देत नाहीत, कारण तिथल्या चरबीत ती वाया जाते. बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं तर मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या जुन्या लशीची, ती 2004 अखेर देशात बंद झाली.

फोडलेली कुपी थंड ठेवून 6 ते 8 तासांत संपवावी लागते. म्हणून लहान केंद्रात "आणखी दोघं आले की फोडू, उद्या सकाळी या" असं ऐकायला मिळतं. तिसऱ्या-चौथ्या डोसाला हे एक वेळ चालेल, पहिल्याला अजिबात नाही.

खरी कसोटी सीरमची. लशीतून स्वतःची प्रतिपिंडं पुरेशी व्हायला 7 ते 14 दिवस लागतात. विषाणू तेवढा थांबेलच असं नाही. तो एकदा मज्जातंतूत शिरला की प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही, म्हणून चेहरा, मान आणि बोटं जास्त धोक्याची. या मधल्या दिवसांसाठी तयार प्रतिपिंडं उसनी द्यायची, हेच सीरम. कातडी फाटून रक्त आलं असेल किंवा उघड्या जखमेला लाळ लागली असेल तर ते हवंच. घोड्याच्या रक्तातलं किलोमागे 40 युनिट, माणसाचं 20. 60 किलोच्या माणसाला 2400 किंवा 1200 युनिट, म्हणजे नेहमीच्या तीव्रतेत दोन्हीकडे कमाल 8 मिलि.

ते टोचायचं जखमेत आणि जखमेभोवती. बोटाच्या पेरात 8 मिलि मावत नाही, मावेल तेवढंच घालतात. दुखतं, भरपूर दुखतं. त्यामुळेच एका केंद्रात सगळं सीरम कुल्ल्यावर देऊन मोकळे होतात. रुग्ण खूश, पण जखमेत विषाणूला अडवायला कोणी नाही. घोड्याचं सीरम असेल तर नंतर अर्धा तास थांबवून ठेवायला हवं आणि तीव्र ॲलर्जी उठली तर म्हणून ताटात ॲड्रेनलिन तयार हवं. लहान केंद्रात सीरम मिळेलच असं नाही, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिल्हा इस्पितळात पाठवतात. तेव्हा पहिली लस आधी तिथेच टोचून घ्या आणि मग निघा. पहिल्या लशीपासून सातव्या दिवसापर्यंत सीरम घेता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात, उसनी त्यांच्या आड येतात.

संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा स्टेरॉइड चालू असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, लशीचा परिणाम कमी पडू शकतो. केंद्रात हे आपणहून विचारत नाहीत, विचारायला हवं. गरोदरपणात लस चालते. पथ्य काहीच नाही, शीत-कडी आणि तळलेले बांगडे खुशाल खा. फेणीने लस बिघडते का, हा प्रश्न प्रत्येक ओपीडीत येतो. बिघडते ती तारीख, 28 वा दिवस विसरला की.

आणि लशीच्या नोंदीचं ते पिवळं पडणारं कार्ड. त्याचा फोटो काढून ठेवा. विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे पूर्ण कोर्सची नोंद दाखवता आली तर पुढच्या चाव्याला दोनच डोस, 0 आणि 3 व्या दिवशी, सीरम नाही. नोंद नसेल तर बोटात सुई पुन्हा पहिल्यापासून.