१८०० रुपयांचा ‘अस्सल’ बिल्ला

एक तारा देतोय, तोही कुरिअरवाल्या पोराला. पुलगावहून आमच्या गावापर्यंत चिखल तुडवत आला बिचारा.

विक्रेत्यानं ‘अमेरिकन सैनिकाचा बिल्ला, १९४३’ म्हणून (गळ्यात घालायची ओळखीची पत्र्याची पट्टी) १८०० रुपये घेतले. (कापसाच्या चुकाऱ्यातले. घरी माहीत नाही.) ओसरीत भिंग घेऊन बसलो. टोकाला खाच दिसली, तेवढ्यानंच हुरळलो. ही खाच मेलेल्याच्या दातात अडकवायला, असं यानं लिहिलंय. बाप्पा, ठसा उमटवणाऱ्या यंत्रात पत्रा नीट बसावा म्हणून असायची ती!

मग अक्षरं वाचली. ‘टी ४३’, म्हणजे धनुर्वाताची लस १९४३ ची. वर नंबर मात्र नऊ आकडी, मधे दोन आडव्या रेघा. हा तर सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे अमेरिकन सरकार माणसाला देतं तो नंबर. अमेरिकन लष्करानं तो १९६९ मध्ये लागू केला. महायुद्धातल्या साध्या शिपायाचा नंबर बहुतेक आठ आकडी असे. गंजही रंगाचा निघाला, रॉकेलच्या चिंधीनं पुसताच साफ.

परत घ्या म्हटलं तर म्हणतो, ‘पुरातन वस्तू परत घेत नाही.’ काऊन गा, पुरातन आहे कुठं यात?

सध्या बैलाच्या गळ्यात घुंगराशेजारी बांधलाय. शोभतो मात्र.