वापरलेल्या मोटारसायकलीचा सर्वसमावेशक विमा : तीन वर्षांनंतरचे परीक्षण

सहा वर्षे चाललेली मोटारसायकल मी विकत घेतली, तेव्हा तिची साखळी, टायर, फोर्कचे ऑइल सील आणि इंजिनाचा आवाज यांची तपासणी दोन दिवस चालली होती. विमा मात्र समोर आलेल्या पहिल्या अर्जावर सही करून उरकला गेला. तो सर्वसमावेशक, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान आणि स्वतःच्या गाडीचे नुकसान या दोन्हींसाठीचा विमा होता. त्यानंतरच्या तीन वर्षांत त्या पॉलिसीचे दोनदा नूतनीकरण झाले, एक दावा झाला आणि शर्तींची पुस्तिका मी ओळ न ओळ वाचली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण माझे म्हणणे एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या विम्याबद्दल आणि जुन्या गाडीसाठी संरक्षण किती घ्यावे या प्रश्नाबद्दल अधिक आहे.

गाडी जुनी, म्हणून विमाही बेताचाच पुरे, असे बहुतेकांना वाटते, आणि मलाही तसेच वाटत होते. हे निम्मे खरे आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण गाडीच्या किमतीशी बांधलेले असते, त्यामुळे किंमत उतरली की तेही उतरवणे रास्त ठरते. दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा मात्र आपल्या गाडीच्या किमतीशी काहीच संबंध नसतो. दहा वर्षांच्या मोटारसायकलीची धडक बसून पादचाऱ्याचे हाड मोडले, तर त्याची शस्त्रक्रिया, बुडालेली कमाई आणि कदाचित आयुष्यभराचे अपंगत्व यांचा हिशेब गाडी कालच दुकानातून आणली असती तरी तोच झाला असता. ब्रिटनमध्ये 1930 च्या रस्ते वाहतूक कायद्याने वाहनचालकांना त्रयस्थांसाठीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा सक्तीचा केला, आणि इतर अनेक देशांतही अशीच सक्ती आहे, ती याच कारणासाठी की रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाची भरपाई धडक देणाऱ्याच्या ऐपतीवर सोडता येत नाही. म्हणून संरक्षण किती घ्यावे या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे द्यावी लागतात, आणि एकाच अर्जावर, एकाच हप्त्यात ती मागितली जातात म्हणून दोन्हींना एकच माप लावण्याची चूक होते.

दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग मला या पॉलिसीत सर्वांत मोलाचा वाटला. येथे पाहायची गोष्ट म्हणजे भरपाईची मर्यादा. काही ठिकाणी शारीरिक इजेसाठी कायद्याने मर्यादाच नसते, आणि मग फक्त मालमत्तेच्या नुकसानीचा आकडा पाहावा लागतो. काही ठिकाणी प्रत्येक जखमी व्यक्तीमागे एक आणि संपूर्ण अपघातामागे दुसरी अशा दोन मर्यादा असतात, आणि दोघेतिघे जखमी झाले तर दुसरी मर्यादा फार लवकर गाठली जाते. मर्यादेच्या पलीकडची रक्कम चालकाच्या खिशातून, म्हणजे बचतीतून, घरातून किंवा पुढच्या पगारांतून वसूल होऊ शकते. कायद्याने घालून दिलेली किमान रक्कम ही गाडी रस्त्यावर आणण्याची अट असते, पुरेशा संरक्षणाची ग्वाही नव्हे. पहिल्या नूतनीकरणाच्या वेळी मी ही मर्यादा दुप्पट करून घेतली. त्या भागाचा हप्ता दुप्पट तर झाला नाहीच, त्याच्या जवळपासही गेला नाही, कारण फार मोठे दावे क्वचितच होत असल्याने मर्यादेचा वरचा टप्पा कंपनीला तुलनेने स्वस्तात देता येतो. हप्त्यात थोडीशीच भर घालणे शक्य असेल, तर ती मी इतर कशाहीआधी येथे घालेन.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग कसा चालतो हे दुसऱ्या वर्षी कळले. ओल्या वळणावर गाडी उजव्या अंगावर घसरली. वेग कमी होता आणि मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण हँडल, ब्रेकचा लिव्हर, फूटरेस्ट, सायलेन्सर, इंडिकेटर आणि बाजूचे प्लास्टिकचे आवरण बदलावे लागले. सर्वेक्षक तिसऱ्या दिवशी आला, त्याने प्रत्येक सुट्या भागाचे छायाचित्र घेतले आणि वागण्यात कोठेही आडमुठेपणा केला नाही, हे नोंदवले पाहिजे. तरीही हिशेब हाती आला तेव्हा मी चकित झालो. एकूण बिल 100 धरले, तर त्यात धातूचे भाग 45, प्लास्टिक व रबराचे भाग 30 आणि मजुरी 25 होती. माझ्या पॉलिसीनुसार गाडीच्या वयाप्रमाणे धातूच्या भागांवर 40 टक्के आणि प्लास्टिक व रबरावर 50 टक्के घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापला गेला. मजुरी पूर्ण मान्य झाली. म्हणजे 27, 15 आणि 25 मिळून 67 मंजूर झाले, त्यातून वजावटीचे, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः सोसायच्या रकमेचे, 12 गेले आणि हाती 55 आले. पुढच्या वर्षी दावा न केल्याबद्दलची सवलत गेली, ती रक्कम याच मापाने 14 होती, आणि म्हणून या दाव्याचा खरा लाभ 41 एवढाच ठरतो. यात कंपनीने शर्तींबाहेर काहीही केले नाही. माझी तक्रार आहे ती अशी की घसाऱ्याचा हा तक्ता पुस्तिकेच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत होता आणि पॉलिसी विकणाऱ्याने त्याचा उल्लेखही केला नव्हता.

जुन्या गाडीची खरी अडचण याच हिशेबात दडलेली आहे. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, पण तिच्या नव्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही, उलट बहुधा वाढतच जाते. परिणामी दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ठरावीक प्रमाणाबाहेर, माझ्या पॉलिसीत 75 टक्क्यांबाहेर, गेला की कंपनी गाडी दुरुस्त करून देत नाही, ती पूर्ण नुकसान झाल्याचे धरून विमा रक्कम देते. नव्या गाडीच्या बाबतीत तेवढ्या खर्चासाठी मोठा अपघात व्हावा लागतो. जुनी गाडी एका बाजूवर जोरात पडली आणि टाकी, फोर्क व आवरणे एकदम गेली, तरी ती सीमा ओलांडली जाते. गाडी चालण्याजोगी करता येत असूनही कागदावर ती संपते, आणि ती स्वतःकडे ठेवायची झाली तर भंगाराची किंमत भरपाईतून वळती होते.

म्हणून विमा रक्कम ठरवताना गाडीचा आजचा बाजारभाव प्रामाणिकपणे काढावा, आणि त्यासाठी त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या व जवळपास तेवढ्याच चाललेल्या गाड्या काय किमतीला जात आहेत हे पाहावे. हप्ता वाचवण्यासाठी रक्कम मुद्दाम कमी दाखवणे हा मला वाईट सौदा वाटतो. पूर्ण नुकसान झाले की तेवढीच रक्कम मिळते, आणि काही पॉलिसींमध्ये तर लहान दाव्याची भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. उलट रक्कम फुगवून काही साधत नाही, कारण विम्याचे तत्त्व नुकसान भरून देण्याचे आहे, नफा मिळवून देण्याचे नाही, आणि अनेक पॉलिसींमध्ये रक्कम कितीही लिहिलेली असली तरी देताना घटनेच्या दिवसाचा बाजारभावच धरला जातो. दुर्मीळ, जतन केलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी मूल्यमापन करून किंमत आधीच ठरवून घेणारी पॉलिसी मिळत असेल, तर ती घ्यावी.

वजावटीबाबत माझे मत आता पक्के झाले आहे. कोणाकडेही हात न पसरता एका आठवड्यात जेवढे पैसे उभे करता येतील, तेवढी वजावट ठेवावी. लहानसहान दावे जुन्या गाडीवर तसेही परवडत नाहीत हे वरच्या हिशेबावरून दिसतेच, मग त्यांच्यासाठी जादा हप्ता भरण्यात अर्थ राहत नाही. मात्र सक्तीची वजावट आणि आपण स्वेच्छेने स्वीकारलेली वजावट या दोन्हींची बेरीज होते, हे विसरू नये.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग ठेवायचा की सोडायचा, हे ठरवण्यासाठी मी एक साधा हिशेब करतो. विमा रकमेतून वजावट वजा करावी. जे उरते तो या भागातून मिळू शकणारा जास्तीत जास्त लाभ असतो. गाडी घेतली त्या वर्षी विमा रक्कम 100, वजावट 10 आणि या भागाचा हप्ता 4 या प्रमाणात होता, म्हणजे 90 च्या लाभासाठी 4. आज त्याच मापाने विमा रक्कम 50, वजावट 10 आणि हप्ता 5 आहे, म्हणजे 40 च्या लाभासाठी 5, दर वर्षी थेट आठवा हिस्सा. दहावा हिस्सा ओलांडला की हा भाग सोडण्याचा विचार करायचा, असे मी स्वतःपुरते ठरवले आहे. पण हा हिशेब सर्वांना सारखा लागू होत नाही. ज्याची रोजची कमाई त्या गाडीवर चालते आणि गाडी गेली तर दुसरी घेण्याइतकी शिल्लक नाही, त्याने महाग वाटला तरी हा भाग ठेवावा. गाडी कर्जावर असेल, तर निवड सहसा आपल्या हाती राहत नाही, कारण कर्ज देणारा पूर्ण विम्याचीच अट घालतो.

सर्वसमावेशक आणि केवळ त्रयस्थांसाठीचा विमा यांच्या मधला एक प्रकार अनेक कंपन्या देतात, ज्यात त्रयस्थांच्या भरपाईखेरीज फक्त आग आणि चोरी यांचा समावेश असतो. सुट्या भागांना मागणी असलेल्या जुन्या मॉडेलसाठी तो मला फार उपयुक्त वाटतो. चोरीचा दावा करताना गाडीच्या सर्व किल्ल्या मागितल्या जातात, म्हणून जुनी गाडी घेताना दुसरी किल्ली विक्रेत्याकडून आठवणीने घ्यावी.

स्वतःच्या शरीराचा विचार अर्जावर सर्वांत शेवटी येतो, पण मोटारसायकलीवर चालकाभोवती पत्रा नसतो, त्यामुळे चालकाचा वैयक्तिक अपघात विमा मी ऐच्छिक मानत नाही. आधीचा आरोग्य विमा असेल, तर दुचाकीवरच्या अपघातांना त्यात काही वगळणूक आहे का हे पाहावे. आरोग्य विमा रुग्णालयाचा खर्च देतो, बुडालेली कमाई देत नाही.

कागदपत्रांत ढिलाई झाली तर वरची सगळी निवड वाया जाते. आधीच्या मालकाची पॉलिसी आपल्या नावावर आपोआप येईल असे गृहीत धरू नये, आणि त्याची दावा न केल्याची सवलतही सहसा त्या माणसाची असते, गाडीची नसते. बदललेला सायलेन्सर, वाढवलेली इंजिन क्षमता, बसवलेल्या पेट्या हे सारे कंपनीला लेखी कळवावे, कारण न कळवलेला बदल दावा नाकारण्याचे कारण होऊ शकतो. खाजगी वापराच्या पॉलिसीवर सामान पोहोचवण्याचे काम करणाऱ्यांना तर ही गोष्ट आधीच कोणीतरी सांगायला हवी, कारण तशा फेरीत झालेला अपघात अनेकदा संरक्षणाबाहेर पडतो.

गाडी आता नऊ वर्षांची झाली आहे. या वेळी मी त्रयस्थांच्या भरपाईची मर्यादा मिळेल तेवढी वाढवली, चालकाचा अपघात विमा कायम ठेवला, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग सोडला आणि आग व चोरीचे संरक्षण घेतले. मागे बसणारी व्यक्ती या नव्या पॉलिसीत त्रयस्थ म्हणून धरली जाते की नाही, हे पुस्तिकेवरून स्पष्ट होत नव्हते, म्हणून कंपनीला पत्र लिहून विचारले. धरली जात नाही, तिच्यासाठी वेगळे जोडसंरक्षण घ्यावे लागेल, असे लेखी उत्तर चार दिवसांत आले. ते जोडसंरक्षण मी त्याच दिवशी घेतले.