खडूचा आकडा आणि 10,950 पौंड

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या आपल्या मंडळींपैकी दोघांनी गेल्या महिन्यात मला विचारले की, गॅरेजमध्ये कोब्रा ही स्पोर्ट्स कार बांधण्याचे तुझे काम कुठवर आले, आणि आम्हालाही किट घ्यायचे आहे तर ते कुणाकडून घ्यावे. दोघांनाही मी थातुरमातुर उत्तर देऊन वाटेला लावले. खरे सांगायची लाज वाटली. पण माझ्या लाजेपायी उद्या आणखी कुणी त्याच खड्ड्यात पडेल, म्हणून आकड्यांसकट सगळे लिहून टाकतो.

सरे परगण्यातल्या ‘एसी’ नावाच्या मोटार कंपनीच्या हलक्याफुलक्या गाडीत फोर्डचे व्ही-8 इंजिन बसवून कॅरोल शेल्बी यांनी 1962 साली जी कोब्रा उभी केली, तिचे मूळ नग आज लाखो पौंडांना जातात. म्हणून फायबरग्लासची बॉडी आणि पोलादी चॅसी, म्हणजे गाडीचा तळाचा सांगाडा, यांचे किट घेऊन, बाकीचे भाग एखाद्या जुन्या गाडीचे वापरून, आमच्यासारखे नोकरदार तिची प्रतिकृती घरी बांधतात. त्यात बेकायदा काही नाही; गाडी पूर्ण झाल्यावर तिला आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला स्वतंत्र मंजुरी देणारी सरकारी चाचणी, द्यावी लागते, तिथला परीक्षक बाहेर आलेल्या कडांची गोलाईसुद्धा 2.5 मिलिमीटर आहे की नाही हे मोजतो, आणि मग नोंदणी होते. मी 1,400 पौंडांना एक जुनी जॅग्वार एक्सजे6 आणि 1,850 पौंडांना साडेतीन लिटरचे रोव्हर व्ही-8 इंजिन आधीच घेऊन ठेवले होते. जॅग्वारचा मागचा सांगाडा, ज्यात ब्रेकच्या चकत्या चाकांपाशी नसून आत डिफरन्शियलला (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या पेटीला) लागून असतात, तो मी स्वतः उतरवून, घासून, रंगवून तयार केला होता. फक्त किट यायचे बाकी होते.

किट विकणारा माणूस साठीच्या आसपासचा, हात ग्रीसने काळे, बोलणे संथ. हे मुद्दाम सांगतो, कारण फसवणारा माणूस चकचकीत सुटाबुटात येतो अशी आपली समजूत असते. 12 मार्च 2023 रोजी मी 2,500 पौंड आगाऊ दिले. क्रेडिट कार्ड पुढे केले तेव्हा तो म्हणाला की, कार्डावर 3 टक्के जादा पडतील, त्यापेक्षा बँकेतून थेट पाठवा. ग्राहकाच्या कार्डावर असा जादा आकार लावायला या देशात जानेवारी 2018 पासून बंदी आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक नसणे शक्यच नव्हते. 100 पौंडांहून महाग आणि 30,000 पौंडांपर्यंतच्या वस्तूच्या किमतीतला थोडासा भाग जरी क्रेडिट कार्डाने भरला, तरी 1974 च्या ग्राहक-पत कायद्याच्या कलम 75 खाली कार्ड देणारी बँक पूर्ण रकमेला विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते. म्हणजे 75 पौंड वाचवायला मी जे केले, त्याने पुढच्या सगळ्या पैशांचे कवच गेले. आगाऊ रक्कम कार्डानेच भरा. दुकानदार कुरकुरला तर उठून चालू लागा.

शनिवारी, 20 मे रोजी, चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन मी किट विकणाऱ्याच्या कार्यशाळेत गेलो. दोन लाकडी घोड्यांवर एक चॅसी ठेवलेली होती आणि तिच्या उजव्या नळीवर पांढऱ्या खडूने 38 हा आकडा लिहिला होता. तो माझ्या पावतीचा क्रमांक. ‘ही तुमची,’ तो म्हणाला. मी हौसेने नळीवरून बोट फिरवले आणि खडू बोटाला लागला. पुसल्या गेलेल्या आठाच्या खाली आधीच्या, अर्धवट पुसलेल्या खडूची एक उभी रेघ दिसली. विचारल्यावर तो म्हणाला, ‘पोरे काहीबाही लिहीत असतात.’ मी मान डोलावली.

इथे मला थांबावेच लागते. गेली एकोणीस वर्षे मी वाहन उद्योगात पुरवठादारांचे ऑडिट करतो. एखाद्या कारखान्यात सुट्या भागावर खाडाखोड केलेला क्रमांक दिसला असता तर मी तो माल जागच्या जागी अडवला असता, वहीतली नोंद आणि धातूवर ठोकलेला क्रमांक एकमेकांशी ताडून पाहिले असते, आणि तेवढे होईपर्यंत चहासुद्धा घेतला नसता. पण त्या दिवशी मुलगा शेजारच्या तयार गाडीच्या स्टिअरिंगमागे बसला होता, त्याचा चेहरा फुलला होता, आणि ज्या माणसाने त्याला तिथे बसवले त्याला उलटतपासणीचे प्रश्न विचारणे मला कोतेपणाचे वाटले. तुम्ही माझ्या जागी असता तर विचारले असते, असे म्हणणाऱ्यांनी तसे खुशाल म्हणावे. सोमवारी मी 4,800 पौंड पाठवले. चॅसी पाहायला जाल तेव्हा खडूवर जाऊ नका. धातूवर ठोकलेला क्रमांक मागा, त्याचा फोटो काढा आणि तोच क्रमांक पावतीवर लिहून घ्या.

तिसरा हप्ता 4 सप्टेंबरला गेला. पोलाद महागले आहे, दोन दिवसांत भरल्यास 5 टक्के सूट, आणि या वेळी खाते दुसरे आहे, असा निरोप आला. पैसे पाठवताना बँकेच्या ॲपने पडद्यावर स्वच्छ सांगितले की, तुम्ही लिहिलेले नाव आणि खातेदाराचे नाव जुळत नाही. मी तो इशारा वाचला आणि खालचे ‘पुढे जा’ हे बटण दाबले. 3,650 पौंड गेले. एकूण 10,950.

नोव्हेंबरमध्ये फक्त बॉडी मिळाली, तीही मी 260 पौंड खर्चून ट्रेलर घेऊन गेलो तेव्हा. जी चॅसीवर चढवायची ती बॉडी आधी आणि चॅसी मागाहून, हा घोड्याआधी खोगिराचा प्रकार होता. पण फायबरग्लास काही आठवडे ठेवून द्यावे लागते, असे त्याचे म्हणणे होते. जानेवारी 2024 मध्ये त्याची कंपनी दिवाळखोरीत निघाल्याचे पत्र आले, ज्यात माझा उल्लेख विनातारण धनको असा होता आणि माझ्या वाट्याला काही येण्याची शक्यता नसल्याचेही नम्रपणे कळवले होते. कंपनीने आदल्या वर्षीचे हिशेबच मुदतीत सादर केलेले नव्हते. ती सरकारी नोंद इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. मी ती पैसे गेल्यावर पाहिली.

यानंतरची वरात काय वर्णावी! पोलिसांनी तक्रार क्रमांक दिला आणि बेचाळीस दिवसांनी कळवले की, तपासाला पुरेसा धागा नाही. बँक खाते, पत्ता, फोन आणि माणसाचा फोटो दिल्यावर आणखी कोणता धागा लागतो, हे विचारले तर फोनवरच्या बाईंनी तोच परिच्छेद पुन्हा वाचून दाखवला. ग्राहक-सल्ल्याच्या हेल्पलाइनने माहिती नोंदवून घेतली आणि वैयक्तिक प्रकरणात आम्ही पडत नाही असे सांगितले. बँकेचे म्हणणे असे की, बॉडी मिळाली आहे, अर्थात ही फसवणूक नसून खरेदीदार आणि विक्रेत्यातला दिवाणी वाद आहे, आणि तसेही नाव जुळत नसल्याचा इशारा आम्ही दिला होताच. त्याच माणसावर व्यक्तिशः दावा लावण्याचा विचार केला, तर लहान दाव्यांच्या सोप्या मार्गाची मर्यादा 10,000 पौंड निघाली. माझी रक्कम 950 ने जास्त. पूर्ण रकमेचा दावा लावायचा तर 5 टक्के, म्हणजे 547.50 पौंड नुसते न्यायालयाचे शुल्क, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्याकडून निकालानंतर वसूल काय करणार? प्रत्येकाने मला दुसऱ्याकडे धाडले, आणि दुसऱ्याने सौजन्याने पहिल्याकडे परत पाठवले.

दरम्यान त्याच आवारात नवी कंपनी सुरू झाली आहे. दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीच्या संचालकाला तेच किंवा तसलेच नाव पाच वर्षे वापरायला 1986 चा कायदा सहसा मनाई करतो. त्यामुळेच असेल, नोंदीत संचालक म्हणून त्याच्या पत्नीचे नाव आहे. धनकोंच्या यादीवरून मी वेल्समधल्या एका गृहस्थांशी संपर्क साधला. त्यांचे 7,200 पौंड गेले, आणि त्यांनाही घोड्यांवरची तीच चॅसी ‘ही तुमची’ म्हणून दाखवली होती. त्यांच्या पावतीचा क्रमांक 31. मला दिसलेली उभी रेघ एकाची होती.

जॅग्वारचे नोंदणीपत्र मी जपून ठेवले आहे आणि तुम्हीही तुमचे टाकू नका, कारण जुन्या भागांचा पुरावा नोंदणीच्या वेळी लागतो. इंजिन विकले. बॉडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. कुणाला हवी असल्यास 300 पौंडांना देईन, मात्र तिच्या डाव्या दारापाशी जेलकोटला (फायबरग्लासवरच्या गुळगुळीत थराला) हातभर भेग आहे, ती स्वतः येऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला एक पैसाही पाठवू नये.