शिमानोची ईएच 500 पेडलं : नाशिकच्या रस्त्यांवर दोन वर्षं

दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका सकाळी जेहान सर्कलच्या सिग्नलला मी उभ्या सायकलवरून पडले. डावा पाय वेळेत सोडवला होता, पण रस्त्याच्या उताराने सायकल कलली उजवीकडे, आणि उजवा बूट पेडलात अडकलेला. मागचा दुधाचा टेम्पो वेळेवर थांबला. दोघं धावत आले, "उठा ताई, उठा" म्हणत दंडाला धरून उचलायला लागले. मला उचललं की पायाला लटकलेली सायकलही वर यायची आणि गुडघा पिळवटायचा. "आधी पाय सुटू द्या" हे मी ओरडून सांगत होते, पण बूट पेडलात अडकतो कसा आणि सुटतो कसा हे त्या भल्या माणसांना कुठून ठाऊक असणार? शेवटी डोळे मिटून टाच बाहेर फिरवली, टक्क आवाज झाला आणि पाय सुटला.

ती पेडलं वेगळी होती. त्यानंतर बसवली ती शिमानो या जपानी कंपनीची ईएच 500, तीही बूट अडकवायचीच, आणि त्यांच्यावर आता पाच हजार किलोमीटर पुरे झाले. हे लिहितेय ते मुख्यतः चाळिशी-पन्नाशीतल्या मैत्रिणींसाठी. नुसता पाय ठेवायच्या पेडलांवरून पुढे जायचं मनात आहे, पण पडायची भीती वाटते, अशा कितीजणी मला दर आठवड्याला भेटतात. भीती खरी आहे. ती निम्म्याहून कमी करता येते, आणि ते कसं हे दुकानात कुणी सांगत नाही.

आधी नावाचा घोळ. बूट पेडलाला घट्ट बसतो, तरी नाव क्लिपलेस. पूर्वी पेडलावर पुढच्या बाजूला पिंजरा आणि वर पट्टा असायचा, त्याला टो क्लिप म्हणत. तो पिंजरा गेला म्हणून क्लिपलेस. लूक या फ्रेंच कंपनीने 1984 साली स्कीच्या बुटांच्या पकडीवरून ही पेडलं बनवली आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो त्यांवर टूर द फ्रान्स ही मोठी शर्यत जिंकला. शिमानोची एसपीडी ही पेडलं आली 1990 मध्ये, माउंटन बाइकसाठी. त्यांची क्लीट म्हणजे बुटाच्या तळव्याला दोन स्क्रूंनी बसणारा लोखंडी तुकडा. तो लहान असतो आणि तळव्याच्या खाचेत दडलेला असतो. रोडबाइकच्या एसपीडी-एसएल प्रकारात क्लीट प्लास्टिकची, मोठी, तीन स्क्रूंची आणि तळव्याच्या बाहेर आलेली असते.

हा फरक बायकांसाठी मोठा आहे, आणि कारण साधं आहे. त्र्यंबक रोडवर किंवा मुंबई-आग्रा हायवेवर राइडला निघालेल्या पुरुषाला बाथरूमचा विचार करावा लागत नाही. आम्हाला पेट्रोल पंप शोधावा लागतो, तिथल्या ओल्या, शेवाळलेल्या फरशीवरून चालत जावं लागतं, आत वाकून बसावं लागतं. बाहेर आलेल्या प्लास्टिकच्या क्लीटवर त्या फरशीवर उभं राहून बघा. माझ्या एका मैत्रिणीने अख्खा रस्ता पाणी प्यायचं टाळलं, कारण त्या बुटांत पंपावर उतरायचीच धास्ती. कसाऱ्याला पोचेपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलं होतं. एसपीडीच्या बुटात नीट चालता येतं, देवळाच्या पायऱ्या उतरता येतात, मिसळीच्या रांगेत उभं राहता येतं. रोडबाइक असली तरी ही माउंटन बाइकची पेडलं लावायला काहीच हरकत नाही. "शोभत नाहीत" असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या.

आता ईएच 500. एका बाजूला पकड, दुसरी बाजू सपाट आणि तिच्यावर बारीक पिना. म्हणजे शहरात सपाट बाजू वापरायची, सातपूर ओलांडून मोकळा रस्ता लागला की बूट अडकवायचा. भाजी आणायला चपलेवर निघाले तरी हीच सायकल चालते. जोडीचं वजन चारशे ग्रॅमच्या आत. पकड मुळातच सौम्य ठेवलेली आहे, आणि ती आणखी सैल करता येते.

खरी गोष्ट मात्र पेडलात नाही, क्लीटमध्ये आहे. शिमानोच्या एसपीडी क्लीट मुख्यतः दोन प्रकारच्या. एसएच 51 फक्त आडवी फिरवून सुटते, म्हणजे टाच बाजूला वळवावीच लागते. एसएच 56 अनेक दिशांनी सुटते. तिच्यावर इंग्रजी एम कोरलेला असतो. घाबरलेला माणूस टाच वळवत नाही, पाय वर ओढतो. चिखलातून पाय काढावा तसा. एसएच 51 अशा वेळी पाय धरून ठेवते. एसएच 56 वर जोरात, तिरका हिसका बसला की सोडून देते. जेहान सर्कलला माझ्या बुटाखाली एसएच 51 होती, आणि मला हे दोन प्रकार असतात हेच माहीत नव्हतं. ईएच 500 च्या खोक्यात एसएच 56 च येते, ही शिमानोने फार शहाणपणाची गोष्ट केली आहे.

दुसरं, पकडीचा ताण. पेडलाच्या पकडीपाशी छोटा स्क्रू असतो, त्याच्या शेजारी अधिक-उणे अशी खूण. ॲलन कीने, म्हणजे षटकोनी टोकाच्या किल्लीने, उण्याकडे फिरवत जा, दर टप्प्याला बारीक टक असं जाणवतं. मी शेवटपर्यंत सैल केला आणि दोन्ही पेडलांचे टप्पे मोजून सारखे ठेवले. माझं वजन बावन्न किलो. ऐंशी किलोचा माणूस ज्या ताणावर सहज पाय सोडवतो, त्यावर माझी टाच हलतही नव्हती. मला मात्र सगळीकडे एकच उत्तर मिळालं होतं, "सवय होईल, सुरुवातीला सगळेच तीनदा पडतात." एक्कावन्नाव्या वर्षी, पाळी थांबल्यानंतर, मनगटावर तीनदा पडणं ही सवयीची बाब नाही. मनगटाला प्लास्टर म्हणजे दीड महिना घर, नोकरी, सगळं अडलं. हा सल्ला देणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो.

बुटांनी मला पेडलांपेक्षा जास्त छळलं. माझं माप सदतीस. पहिल्या दुकानात चाळिसाच्या खाली काही नव्हतंच, "दोन मोजे घाला" असं सांगून त्यांनी तेच दिले. बूट मोठा म्हणजे क्लीटची जागा पायाच्या मानाने पुढे जाते, पंजा आत सरकतो, आणि महिनाभरात गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. नंतर बायकांच्या मापाचे बूट ऑर्डर करून मागवले. क्लीट लावताना मी हे करते: बूट घालून अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी जे हाड लागतं, तिथे बाहेरून पेनाने खूण करते. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या मधोमध, किंवा किंचित मागे, टाचेकडे. मी चालताना पावलं बाहेर टाकते, म्हणून क्लीटही तेवढी तिरकी ठेवली. गुडघा दहा-बारा दिवसांत शांत झाला.

स्क्रूंना आधी ग्रीस लावा, 4 मिलिमीटरच्या ॲलन कीने घट्ट आवळा, आणि महिन्यातून एकदा तपासा. एक स्क्रू पडला की बूट फिरतो पण क्लीट जागची हलत नाही, मग पाय सुटतच नाही. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात धाकटीला गंगापूर धरणाजवळ हे झालं. बुटाचा बंद सोडून, मोज्यावर उतरली.

उणं काय? एका बाजूच्या पेडलांचा स्वभावच असा की पाय ठेवताना कुठली बाजू वर आहे ते बघावं लागतं. सिग्नल सुटताना मी बघतच नाही, सपाट बाजूवरच दोन पेडलं मारते आणि मग शांतपणे फिरवून घेते. एसएच 56 वर उभं राहून चढ चढताना पाय जोरात वर खेचू नका, ती सुटू शकते. ज्यांना स्प्रिंट मारायची आहे त्यांनी एसएच 51 घ्यावी. पावसाळ्यात खाचेत चिखल बसतो, जुना टूथब्रश पिशवीत असू द्या.

आणि मिळालं काय? अंजनेरीच्या पुढे त्र्यंबककडे जाताना वारा समोरून असला की पूर्वी, नुसत्या सपाट पेडलांवर, माझा पाय पिनांवरून सरकायचा, पोटऱ्यांवर ओरखडे असायचे. आता पाय जागेवर असतो, गुडघा रोज त्याच रेषेत फिरतो, आणि खडबडीत रस्त्यावर तळवे उडत नाहीत. वेग फार वाढला असं मी म्हणणार नाही. थकवा कमी झाला हे नक्की.

जोडी मला सहा हजारांच्या आतबाहेर पडली, बूट वेगळे. पुन्हा घेईन.

गेल्या रविवारी शेजारच्या वहिनींना माझ्या सायकलवर बसवलं, आमच्या सोसायटीच्या गेटला धरून. आमचं माप एकच. डावा पाय अडकवा, टाच बाहेर, सोडवा. पन्नासदा डावा, पन्नासदा उजवा. चाळिसाव्या वेळेला त्यांनी गेटवरचा हात आपणहून काढला. मी सायकल धरून होते ती धरूनच राहिले, आणि त्या म्हणाल्या, "आता तुम्हीही सोडा."